ऑनलाइन पोकरमध्ये डावांच्या संख्येचे मोठे उद्दिष्ट कसे ठरवावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी उजाडला की अनेक ऑनलाइन पोकर खेळाडू वर्षभरात एक लाख, तीन लाख किंवा पाच लाख डाव खेळण्याचा संकल्प करतात, आणि मार्च संपेपर्यंत त्यांतले बहुतेक संकल्प मागे पडलेले असतात. आळस हे त्याचे कारण फार क्वचित असते. आकडा इच्छेवरून ठरवला जातो, हाताशी असलेले तास, चालू असलेली टेबले आणि टिकून राहणारी एकाग्रता यांवरून तो काढलेला नसतो, हे खरे कारण आहे. खालील उत्तरे प्रामुख्याने नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारातील सहा जणांच्या कॅश टेबलांना (जेथे थेट पैशांनी खेळतात आणि केव्हाही उठता येते) धरून दिली आहेत. टूर्नामेंटचा विचार वेगळ्या प्रश्नात केला आहे.

ही माहिती नेमकी कोणासाठी आहे? भारतात राहून ऑनलाइन पोकर खेळता येतो का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. त्यानंतर भारतातील प्रमुख पोकर संकेतस्थळांनी पैशांची टेबले बंद केली. या कायद्यातील शिक्षा खेळ चालवणारे, त्यांची जाहिरात करणारे आणि त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणारे यांच्यासाठी आहेत. परंतु म्हणून व्हीपीएनच्या आडून परदेशी संकेतस्थळावर खेळावे, असा अर्थ कोणी काढू नये. अशा खात्यावरील पैसे अडकले तर दाद मागायला कोणतीच जागा उरत नाही, आणि खोट्या ठिकाणावरून खेळणे हे स्वतः त्या संकेतस्थळाच्याही नियमांत बसत नाही. ही उत्तरे म्हणूनच ज्या ठिकाणी हा खेळ परवान्याखाली चालतो, तेथील मराठी खेळाडूंसाठी आहेत : न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, ब्रिटन आणि अशा इतर ठिकाणी राहणाऱ्यांसाठी.

व्हॉल्यूम, म्हणजे एकूण खेळाचे प्रमाण, कशात मोजायचे? डाव, तास की सेशन (एका बैठकीतला खेळ)?

उद्दिष्ट तासांत ठरवावे आणि नोंद डावांची ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सहा जणांच्या साध्या टेबलावर तासाला साधारण ७० ते ८० डाव होतात, नऊ जणांच्या टेबलावर त्याहून कमी होतात, आणि फोल्ड करताच (पत्ते टाकून डाव सोडताच) दुसऱ्या टेबलावर नेणाऱ्या झूमसारख्या प्रकारात एकाच खिडकीत दोनशेहून अधिक डाव सहज होतात. केवळ डावांचा आकडा समोर ठेवला, तर खेळाडू नकळत जलद प्रकाराकडे आणि अधिक टेबलांकडे ओढला जातो, आणि आपल्याला खरोखर कोठे नफा होतो हा विचार मागे पडतो. तास मात्र फुगवता येत नाहीत. आठवड्यात दहा तास खेळायचे ठरवले, तर ते दहा तास कोठून येणार हे लगेच दिसते आणि घरच्यांनाही सांगता येते.

मग पैशांचेच उद्दिष्ट का ठेवू नये? शेवटी खेळतो ते पैशांसाठीच ना?

कारण पैसे तुमच्या ताब्यात नसतात, आणि ते किती प्रमाणात ताब्यात नसतात याचा अंदाज बहुतेकांना नसतो. एक उदाहरण घेऊ. एखादा चांगला खेळाडू दर १०० डावांमागे सरासरी ४ बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीला एका खेळाडूने सक्तीने लावायची ठरलेली रक्कम; पोकरमधला हिशेब याच एककात करतात) जिंकतो. सहा जणांच्या टेबलावर निकालांचे प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती दूर पसरतात याचे माप) दर १०० डावांमागे ९० बिग ब्लाइंडच्या आसपास असते, असे धरू. आता १०,००० डावांमध्ये त्याची अपेक्षित कमाई ४०० बिग ब्लाइंड होते, पण त्याच १०,००० डावांचे प्रमाण विचलन ९०० बिग ब्लाइंड येते. म्हणजे उत्तम खेळूनही साधारण तीनपैकी एका वेळेस तो तोट्यात असेल. ५०,००० डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे १६ टक्क्यांवर येते आणि एक लाख डावांनंतर ती सुमारे ८ टक्के उरते.

नोकरी करणाऱ्या खेळाडूला एक लाख डाव व्हायला अनेक महिने लागतात. तेवढा काळ योग्य खेळणाऱ्या बारा जणांपैकी एकाला शेवटी हाती तोटाच लागेल, आणि त्याचा त्यात काही दोष नसेल. अशा खेळाडूने ‘या महिन्यात २,००० डॉलर’ असे उद्दिष्ट लिहून ठेवले असेल, तर वीस तारखेला तो एक तर घाबरून खेळणे थांबवतो किंवा मोठ्या स्टेकवर, म्हणजे मोठ्या रकमांच्या टेबलावर, जाऊन भरपाई करू पाहतो. दोन्ही निर्णय त्या कागदावरच्या आकड्याने घेतलेले असतात. डावांचे किंवा तासांचे उद्दिष्ट असे काही करायला लावत नाही. ते फक्त इतकेच विचारते की आज टेबलावर बसलात का आणि ठरलेल्या वेळेला उठलात का.

माझा विन रेट (दर १०० डावांमागची सरासरी कमाई) अजून सिद्ध झालेला नाही. तरी मोठे उद्दिष्ट ठेवावे का?

मोठे ठेवू नये. व्हॉल्यूम हा गुणक आहे. सरासरी अधिक असेल तर नफा वाढतो, उणे असेल तर तोटा तितक्याच वेगाने वाढतो, आणि तोट्यातल्या खेळाडूला सर्वांत स्वस्त सल्ला कमी खेळण्याचाच आहे. त्यातही रेक, म्हणजे संकेतस्थळ डावातील रकमेतून कापून घेते तो हिस्सा, हा घटक लहान स्टेकवर फार जड असतो. तेथे प्रतिस्पर्ध्यांपेक्षा थोडे सरस असूनही रेक वजा जाता हाती काहीच उरत नाही, असे पुष्कळदा घडते.

ध्येयनिश्चितीवर दीर्घकाळ संशोधन केलेल्या एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांचा मूळ निष्कर्ष असा आहे की नेमके आणि अवघड ध्येय माणसाकडून अधिक काम करून घेते. हा निष्कर्ष मोठ्या उत्साहाने सांगितला जातो. त्याला जोडलेली अट मात्र सहसा गाळली जाते. काम गुंतागुंतीचे असेल आणि माणूस ते अजून शिकत असेल, तर निकालाच्या ध्येयापेक्षा शिकण्याचे ध्येय अधिक उपयोगी पडते. नवशिक्या पोकर खेळाडूला हे तंतोतंत लागू होते. पहिल्या टप्प्यात दोन टेबले, लहान स्टेक आणि प्रत्येक सेशननंतर दहा अवघड डावांची तपासणी, एवढे उद्दिष्ट पुरेसे महत्त्वाकांक्षी आहे.

सुरुवातीचा आकडा कसा काढावा?

आधी कॅलेंडर उघडावे. समजा न्यू जर्सीत नोकरी करणारा एक खेळाडू आठवड्यातील चार संध्याकाळी दीड-दीड तास आणि शनिवार-रविवार मिळून चार तास, असे दहा तास काढू शकतो. वर्षाचे ५२ आठवडे धरून ५२० तास लिहून टाकणे ही पहिली चूक होय. गणपतीचा आठवडा, दिवाळी, मुलांच्या सुट्ट्या, भारताची फेरी, एखादे आजारपण आणि कार्यालयातील गर्दीचे दिवस वजा केले, तर ४५ आठवडे उरतात, म्हणजे ४५० तास. मराठी मंडळाचे कार्यक्रम बहुधा शनिवार-रविवारीच असतात, तेही आधीच वजा करून ठेवावेत; नाहीतर प्रत्येक कार्यक्रम हा उद्दिष्टात पडलेला खड्डा वाटू लागतो आणि माणूस तेथे जाऊनही मनाने टेबलावरच असतो.

चार टेबलांवर तासाला ३०० डाव असा हिशेब कागदावर येतो, पण टेबल शोधणे, जागा रिकामी होण्याची वाट पाहणे, टेबल मोडणे, पाणी प्यायला उठणे यांत वेळ जातो. प्रत्यक्षात २५० धरावेत. ४५० तासांना २५० ने गुणले की १,१२,५०० डाव येतात. हा झाला वास्तव आकडा. त्यावर महत्त्वाकांक्षा किती चढवायची, हे मागच्या तीन महिन्यांच्या खऱ्या नोंदीवरून ठरवावे. त्या नोंदीपेक्षा १५ ते २० टक्के अधिक हे बहुतेकांना ताण देऊनही जमते. थेट दुप्पट आकडा लिहिणाऱ्याने तो दुप्पट वेळ कोणाकडून काढून घेतला जाणार आहे, हेही शेजारी लिहावे.

आणखी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे तुमच्या स्टेकवर तुमच्या वेळेला किती टेबले चालू असतात. न्यू जर्सीत परवानाधारक ऑनलाइन पोकर नोव्हेंबर २०१३ मध्ये सुरू झाला. पुढे नेवाडा, डेलावेअर, मिशिगन, वेस्ट व्हर्जिनिया आणि २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनिया अशी राज्ये खेळाडू एकत्र आणणाऱ्या सामायिक कराराने जोडली गेली. तरीही हा खेळाडूसमूह जागतिक संकेतस्थळांच्या मानाने लहान आहे. रात्री नऊला मिळणारी चार चांगली टेबले सकाळी सातला मिळतीलच असे नाही, आणि केवळ आकडा भरण्यासाठी पाच निष्णात खेळाडूंच्या मध्ये सहावे म्हणून बसणे म्हणजे रेक देण्याची हौस करणे होय.

टेबलांची संख्या वाढवून उद्दिष्ट लवकर गाठता येणार नाही का?

गाठता येईल, पण त्याची किंमत आधी मोजून पाहावी. चार टेबलांवर तासाला ३०० डाव आणि विन रेट ४ असेल, तर ताशी १२ बिग ब्लाइंड मिळतात. आठ टेबलांवर ६०० डाव झाले आणि विन रेट २.५ वर आला, तर ताशी १५ मिळतात, म्हणजे थोडा फायदा झाला. तोच १.५ वर आला तर ताशी ९ मिळतात, म्हणजे दुप्पट काम करून कमाई घटली.

शिवाय आठ टेबलांवर ताशी १५ मिळण्याच्या स्थितीतही एक छुपा खर्च आहे. विन रेट ४ असताना बँकरोल (खेळासाठी बाजूला काढलेली रक्कम) बुडण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सुमारे ३० बाय-इन (एका टेबलावर बसताना न्यायची रक्कम) पुरतात. विन रेट २.५ वर उतरला की त्याच सुरक्षिततेसाठी सुमारे ४९ बाय-इन लागतात. ताशी तीन ब्लाइंड अधिक मिळाल्याच्या आनंदात हे १९ बाय-इन कोणी मोजत नाही.

विन रेट घसरतो कसा, हे एका डावात पाहता येते. तुम्ही बिग ब्लाइंड लावणाऱ्या जागेवर आहात, हातात चौकटचा राजा आणि दश्शी आहे. बटनवरच्या (वाटपाच्या जागेवरच्या) खेळाडूने अडीच ब्लाइंडचा रेझ केला, म्हणजे रक्कम वाढवली, तुम्ही कॉल केला, म्हणजे तेवढीच रक्कम भरली, आणि स्मॉल ब्लाइंडचा अर्धा धरून पॉट (मध्ये जमलेली रक्कम) साडेपाच झाला. फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन सामायिक पत्त्यांत, इस्पिकचा राजा, इस्पिकची अठ्ठी आणि बदामची तिर्री आली. त्याने साडेतीन लावले, तुम्ही कॉल केला. टर्नवर (चौथा पत्ता) किलवरची पंजी आली, त्याने नऊ लावले, तुम्ही पुन्हा कॉल केला. पॉट आता साडेतीस झाला. रिव्हरवर (शेवटचा पत्ता) इस्पिकची दुर्री पडली आणि त्याने बावीस लावले. हा खेळाडू तिन्ही टप्प्यांवर सलग पैसे लावतो तेव्हा ब्लफ जवळजवळ नसतोच, हे तुमच्या नोंदींत लिहिलेले आहे. चार टेबलांवर असताना तुम्ही ती नोंद वाचता, दोन श्वास घेता आणि फोल्ड करता. आठ टेबलांवर असताना दुसरीकडे निर्णयाच्या वेळेची दोन घड्याळे वाजत असतात, नोंद उघडायला सवड नसते, आणि ‘माझ्याकडे राजांची जोडी आहे’ एवढ्या भांडवलावर कॉलचे बटण दाबले जाते. या कॉलला सुमारे ३० टक्के वेळा जिंकणे आवश्यक होते. प्रत्यक्षात दहापैकी एकदाच जिंकत असाल, तर या एका बटणाची सरासरी किंमत साडेचौदा बिग ब्लाइंड आहे. ताशी १२ ब्लाइंड मिळवणाऱ्या खेळाडूची ही सव्वा तासाची कमाई झाली.

टेबल वाढवायचेच असेल तर एकावेळी एक वाढवावे आणि किमान काही आठवडे तेथेच राहून पाहावे. घड्याळ संपल्यामुळे किती डाव आपोआप फोल्ड झाले, हा आकडा विन रेटपेक्षा फार लवकर बोलू लागतो; विन रेट कळायला लाखभर डाव लागतात, घड्याळ एका संध्याकाळीत सांगते.

वेगाची परिसीमा पाहायची असेल तर रँडी ल्यू यांचा विक्रम आहे. नॅनोनोको या नावाने खेळणाऱ्या ल्यू यांनी जानेवारी २०१२ मध्ये बहामामध्ये आठ तासांत २३,४९३ डाव खेळून गिनेस विक्रम नोंदवला. म्हणजे ताशी जवळपास २,९०० डाव. शेवटी हाती उरलेला नफा काही डॉलरचाच होता, आणि तो सराव असलेल्या, असामान्य क्षमतेच्या खेळाडूने एका दिवसापुरता केलेला पराक्रम होता. तो कोणाच्या मासिक उद्दिष्टाचा पाया होऊ शकत नाही.

पूर्वी लोक सुपरनोव्हा एलीटसाठी वर्षभर खेळत असत. तशा लॉयल्टी योजनेवर उद्दिष्ट बांधावे का?

हा इतिहास प्रत्येक व्हॉल्यूम खेळाडूने नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. पोकरस्टार्स या पोकर संकेतस्थळाच्या व्हीआयपी योजनेत सर्वांत वरची पायरी सुपरनोव्हा एलीट ही होती. ती गाठण्यासाठी एका कॅलेंडर वर्षात दहा लाख गुण मिळवावे लागत. हे गुण रेक भरल्याने मिळत, आणि सुट्टी न घेता ३६५ दिवसांचा हिशेब केला तर दररोज सुमारे २,७४० गुण होतात. त्या काळात एकावेळी चोवीस टेबले उघडणारे खेळाडू सर्रास होते. अनेकांचा टेबलावरचा निकाल शून्याच्या आसपास किंवा किंचित तोट्याचा असे आणि सारे उत्पन्न संकेतस्थळाकडून मिळणाऱ्या परताव्यातून येत असे. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गुण कमी पडत असलेला खेळाडू टेबलाचा दर्जा, स्वतःची झोप आणि स्टेक यांपैकी काहीही न पाहता खेळत राही, कारण पायरी हुकली तर वर्षभराच्या कष्टांचे मोल एकदम घटत असे.

नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीने पुढील वर्षापासून लाभांत मोठी कपात जाहीर केली. २०१५ भर खेळून ही पायरी मिळवलेल्यांना २०१६ मध्ये पूर्ण लाभ मिळतील अशी अपेक्षा होती, ती मोडली. डिसेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत खेळाडूंनी संपही केला, पण निर्णय बदलला नाही. पुढे ही पायरीच गेली, आणि २०१९ मध्ये त्याच संकेतस्थळाने कॅश गेमसाठी चार टेबलांची मर्यादा आणली. ज्यांचे संपूर्ण वेळापत्रक चोवीस टेबलांवर उभे होते, त्यांच्या उद्दिष्टाला तेथे जागाच उरली नाही.

रेकबॅक (भरलेल्या रेकचा परतावा) जरूर घ्यावा, त्याचा हिशेबही ठेवावा. परंतु उद्दिष्टाचा पाया टेबलावरचा नफा असावा आणि परतावा ही वरची रक्कम असावी. परतावा वजा केल्यावर तुमचा निकाल उणे येत असेल, तर संकेतस्थळाच्या एका घोषणेने तुमचे काम संपू शकते.

झूमसारख्या जलद प्रकारात खेळून आकडा पूर्ण करणे गैर आहे का?

गैर नाही. वेळ कमी असलेल्यासाठी तो उत्तम प्रकार आहे, कारण बसताक्षणी डाव मिळतात आणि उठताना कोणतेही टेबल अर्धवट राहत नाही. मात्र तेथे कमकुवत खेळाडूच्या डावीकडची जागा निवडता येत नाही आणि प्रतिस्पर्ध्याची लय धरता येत नाही, त्यामुळे बहुतेकांचा विन रेट साध्या टेबलांपेक्षा कमी असतो. दोन्ही प्रकारांची नोंद वेगळी ठेवावी.

टूर्नामेंट खेळणाऱ्याने उद्दिष्ट कसे ठेवावे?

येथे अडचण दुहेरी आहे. पहिली म्हणजे बक्षिसांची रचना वरच्या बाजूला भारी असते. स्पर्धेतील साधारण १५ टक्के खेळाडूंनाच काही मिळते आणि खरी रक्कम शेवटच्या टेबलावर असते, म्हणून शे-दोनशे टूर्नामेंटच्या निकालावरून काहीच सांगता येत नाही. क्रिस मनीमेकर यांनी २००३ मध्ये ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेची जागा मिळवून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून) जागा मिळवून पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकले. त्या एका निकालाने जगभर खेळाडूंची लाट आणली, आणि एका निकालावरून किती ओढ निर्माण होते हेही दाखवले.

दुसरी अडचण वेळेची आहे. कॅश टेबलावरून दहा वाजता उठता येते. टूर्नामेंटमध्ये खोलवर गेल्यास पहाटेचे तीन वाजतात, आणि नेमके सर्वांत महागडे निर्णय त्या वेळी घ्यायचे असतात. त्यामुळे महिन्याच्या टूर्नामेंटच्या संख्येबरोबर दोन मर्यादा लिहून ठेवाव्यात : शेवटची नोंदणी किती वाजेपर्यंत करायची, आणि एकाच वेळी जास्तीत जास्त किती चालू ठेवायच्या. रविवारी मोठ्या स्पर्धा असतात म्हणून सोमवारची सकाळ कार्यालयाकडून मोकळी ठेवता येते का, हे विचारून मगच रविवारचे वेळापत्रक भरावे.

महिना संपत आला आणि उद्दिष्ट बरेच मागे आहे. शेवटच्या आठवड्यात भर काढावी का?

नाही. उरलेली तूट पुढच्या महिन्यावर ढकलूही नये. ती सोडून द्यावी. २३ तारखेला १२,००० डाव बाकी असतील आणि तुमचा नेहमीचा आठवडा २,५०० डावांचा असेल, तर ते भरून काढण्यासाठी दररोज जवळपास पाच पट खेळावे लागेल. तसे खेळलेले डाव तुमच्या नेहमीच्या विन रेटने खेळले जात नाहीत, त्यामुळे उद्दिष्टाच्या हिशेबात ते धरणेच चूक आहे. मासिक आकड्याऐवजी आठवड्याच्या तासांचा पट्टा ठेवला, उदाहरणार्थ किमान आठ आणि कमाल तेरा, तर ही वेळ मुळात येत नाही. कमाल मर्यादा लिहिलेली असणे हे किमान मर्यादेइतकेच महत्त्वाचे आहे, आणि बहुतेकांच्या कागदावर ती नसते.

डाऊनस्विंग (लांबलेला तोट्याचा काळ) चालू असताना ठरलेला व्हॉल्यूम पूर्ण करावा का?

खेळाचा दर्जा टिकून असेल तर करावा. स्टेक मात्र कमी करावा. व्यावसायिक पोकर खेळाडू क्रिस फर्ग्युसन यांनी २००६ मध्ये शून्यापासून दहा हजार डॉलरपर्यंत जाण्याचा जो प्रयोग सुरू केला, त्याचा नियम असा होता की कॅश गेममध्ये बँकरोलच्या पाच टक्क्यांहून अधिक रक्कम टेबलावर न्यायची नाही. मोठ्या व्हॉल्यूमच्या खेळाडूला पाच टक्केही फार आहेत, दोन ते तीन टक्के पुरेत; तत्त्व मात्र तेच आहे. बँकरोल घटला की स्टेक आपोआप उतरला पाहिजे, त्यासाठी त्या क्षणी मनाला विचारण्याची गरज पडू नये.

दर्जा टिकला आहे की नाही हे ओळखण्यासाठी सेशनच्या मध्यावर एक साधी तपासणी करता येते. शेवटच्या मोठ्या पॉटमध्ये तुम्ही काय केले आणि का केले, हे दोन वाक्यांत लिहून पाहावे. कारण लिहिता आले नाही किंवा कारणात प्रतिस्पर्ध्याविषयीचा राग आला, तर ते सेशन तेथेच संपवावे आणि उरलेले तास उद्दिष्टातून वजा झाले असे समजावे.

अभ्यासाचे तास व्हॉल्यूममध्ये मोजावेत का?

वेगळे मोजावेत, पण उद्दिष्टात त्यांना जागा असावी. चार तास खेळामागे एक तास अभ्यास हे मला योग्य प्रमाण वाटते. स्टेक बदलताना ते वाढवावे. पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजरसारख्या डावांची नोंद ठेवणाऱ्या साधनांतून डाव तपासता येतात. काही संकेतस्थळांवर अशी साधने वापरण्यास मनाई आहे, तेथे नियम आधी वाचावेत. सॉल्व्हर (योग्य चाल गणिताने काढून देणारे संगणकीय साधन) अभ्यासासाठी आहे; खेळ चालू असताना त्याची मदत घेणे ही फसवणूक आहे आणि त्यामुळे खाते बंद होते.

बँकरोल एकाच संकेतस्थळावर ठेवला तर चालेल का?

चालत नाही. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी न्याय खात्याने मोठ्या संकेतस्थळांवर कारवाई केली. त्यांपैकी फुल टिल्ट या संकेतस्थळावर त्या दिवशी पैसे असलेल्या अमेरिकी खेळाडूंना परतावा मिळायला सुरुवात होण्यास फेब्रुवारी २०१४ उजाडावा लागला. ज्यांचा सारा बँकरोल तेथेच होता, त्यांची त्या वर्षाची सर्व उद्दिष्टे एका दिवसात संपली. खेळाला लागेल तेवढेच पैसे खात्यावर ठेवावेत.

अमेरिकेत मोठ्या व्हॉल्यूमचा करावर काय परिणाम होतो?

मोठा परिणाम होतो, आणि २०२६ पासून तो अधिक वाढला आहे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कर कायद्यातील बदलानुसार, २०२६ च्या करवर्षापासून जुगारातील तोट्याच्या फक्त ९० टक्के रकमेची वजावट मिळते. एखाद्याची जिंकलेल्या सेशनची वर्षाची बेरीज एक लाख डॉलर आणि हरलेल्या सेशनची बेरीज ९० हजार डॉलर असेल, तर हाती दहा हजार उरतात. परंतु वजावट ८१ हजारांचीच मिळत असल्याने कर १९ हजारांवर लागतो. व्हॉल्यूम वाढवला की दोन्ही बेरजा वाढतात, आणि कमी विन रेटवर भरपूर खेळणाऱ्याचा खरा नफा करातच जाऊ शकतो. त्यामुळे टेबले वाढवण्याचा मघाचा हिशेब अमेरिकेतील खेळाडूने करासह मांडावा, सेशननिहाय नोंद ठेवावी आणि उद्दिष्ट नक्की करण्यापूर्वी या विषयातील करसल्लागाराशी बोलावे. राज्याच्या कराचे नियम वेगळे असतात. ब्रिटनमध्ये खेळाडूच्या जिंकलेल्या रकमेवर कर नाही.

घरच्यांना हे उद्दिष्ट सांगावे का?

सांगावे, आणि आकड्यांसह सांगावे. ‘मी या वर्षी भरपूर खेळणार आहे’ यातून घरात काळजीच निर्माण होते. कोणत्या संध्याकाळी किती वाजेपर्यंत खेळणार, किती रक्कम बाजूला काढली आहे आणि ती संपली तर काय करणार, हे तिन्ही मुद्दे जोडीदाराला ठाऊक असावेत. त्या रकमेत घराचा हप्ता, मुलांचे शिक्षण किंवा भारतात आई-बाबांना पाठवायचे पैसे यांपैकी काहीही नसावे.

उद्दिष्ट लपवावेसे वाटू लागले, खेळलेले तास कमी करून सांगितले जाऊ लागले, किंवा कमाल मर्यादा वारंवार मोडली जाऊ लागली, तर हा व्हॉल्यूमचा प्रश्न राहिलेला नाही. अशा वेळी परवानाधारक संकेतस्थळावरील स्वयंबंदीची (स्वतःला खेळण्यापासून रोखून घेण्याची) सोय लगेच वापरावी आणि मदत मागावी. अमेरिकेत १-८००-गॅम्बलर, ब्रिटनमध्ये ०८०८ ८०२० १३३ आणि भारतात टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे.

गोव्यातील कॅसिनोत प्रत्यक्ष टेबलावर खेळणाऱ्याला यातले काय लागू होते?

तासांचे उद्दिष्ट, कमाल मर्यादा आणि बँकरोलचे नियम जसेच्या तसे लागू होतात. डावांचा हिशेब मात्र पूर्णपणे बदलतो. मांडवीवरील कॅसिनोत किंवा कोणत्याही प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात, म्हणजे चार ऑनलाइन टेबलांवर एका संध्याकाळी जेवढे डाव होतात तेवढ्यांसाठी तेथे काही दिवस बसावे लागते. वर्षातून चार-पाच वेळा पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवारी जाणाऱ्याने डावांच्या संख्येचे उद्दिष्ट ठेवू नये. त्याच्या संपूर्ण वर्षाच्या निकालातून त्याच्या कौशल्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. त्याने प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च वेगळा काढावा, एका फेरीत जास्तीत जास्त किती बाय-इन न्यायचे हे निघण्यापूर्वी ठरवावे, आणि प्रत्येक रात्री आठवणारे तीन-चार मोठे डाव वहीत उतरवून घ्यावेत, कारण प्रत्यक्ष टेबलावर ती नोंद दुसरे कोणी ठेवत नाही.